मोमीन विरुद्ध मोमीन : एका मंद संगणकाचा खटला

१८ नोव्हेंबर, नांदेड

या वहीतून मला एकच गोष्ट शाबित करायची आहे : आमच्या घरातील संगणक दिवाळीनंतर मंद झाला, आणि त्यास माझी मुलगी नाझनीन हिची काम करण्याची पद्धत कारणीभूत आहे. याखेरीज काहीही शाबित करण्याचा माझा इरादा नाही.

पार्श्वभूमी अशी. मी चांदपाशा मोमीन, वय चौऱ्याहत्तर. आधी देगलूरला आणि मग नांदेडला दिवाणी वकिली केली. लहानपणी वडिलांनी मंतिक शिकवले, कॉलेजात तेच तर्कशास्त्र या नावाने शिकलो, आणि जे शिकायचे राहिले ते विरुद्ध पक्षाच्या वकिलांनी शिकवले. दोन वर्षांपूर्वी काळा कोट उतरवला. घराच्या पुढच्या खोलीतले माझे ऑफिस तेव्हापासून नाझनीन चालवते. सनद तिलाही आहे. दारावरची पाटी मात्र अद्याप माझ्याच नावाची आहे. पक्षकार पाटी वाचून आत येतात, खुर्चीत मुलगी बसलेली पाहतात आणि तिच्याकडे प्यायला पाणी मागतात.

काल सकाळी तिने संगणक सुरू केला. तिचा चहा पिऊन झाला, कप विसळून झाला, तरी पडदा काळाच होता. मी म्हणालो, "ज्याला यंत्र सांभाळता येत नाही, त्याला पक्षकार काय सांभाळता येणार?"

"कॉम्प्युटर मी बिघडवला असं म्हणायचंय का, अब्बा?"

"म्हणायचे नाही. शाबित करायचे आहे."

"मग करा. पण शाबित म्हणजे शाबित. अंदाज नको, आवाज नको."

अटी दोन्ही पक्षांस कबूल आहेत. शाबित झाल्यास ऑफिस बंद होईल, खोली रेवणसिद्ध वकिलांना फायली ठेवण्यास भाड्याने जाईल आणि नाझनीन पूर्वीप्रमाणे त्यांच्याकडे ज्युनियर म्हणून जाईल. शाबित न झाल्यास माझी पाटी उतरेल व तिची चढेल. हरणारा पक्ष लेखी कबुली देईल. मुदत : तिच्या हाती असलेले लोह्याचे अपील दाखल होईपर्यंत.

माझी पत्नी बेगमबी संगणकास पेटी म्हणते. अटी ऐकून ती म्हणाली, "दोन वकील आणि एक पेटी. आता जज मीच होते, म्हणजे स्वैपाक तुम्ही करा."

(घरात आम्ही दख्खनी बोलतो. येथे ती मराठीत उतरवली आहे. भाषांतर प्रामाणिक समजावे.)


२० नोव्हेंबर

यंत्राचा पूर्वेतिहास नोंदवणे क्रमप्राप्त आहे.

माझा मुलगा मुनीब याचे लातूरला विजेच्या सामानाचे दुकान आहे. संगणक त्यानेच आणून दिला. दिवाळीपर्यंत यंत्राची चाल समाधानकारक होती. दिवाळीच्या सुट्टीत मुनीब आला, त्याने यंत्राची एक बाजू उघडली आणि आतून मेलेल्या खारीएवढा धुळीचा गोळा बाहेर काढला. मला धक्का बसला. माझ्या आयुष्यात माझ्या एकाही कागदावर धूळ बसलेली नाही, कारण प्रत्येक खटला मी लाल कापडाच्या बस्त्यात, चारही टोके आत घेऊन, दोन गाठी मारून ठेवला. मी त्याच दिवशी बेगमबीकडून यंत्रासाठी तसाच बस्ता शिवून घेतला : दुहेरी मांजरपाट, आत अस्तर, मागे वायरींपुरती फट आणि पुढे सुरू करण्याच्या बटणासाठी एक काज. तेव्हापासून यंत्रावर धुळीचा कण नाही. यंत्राची निगा माझ्या हाती असून तिच्यात खोट काढण्यास जागा नाही, एवढे प्रस्थापित करण्यापुरतीच ही नोंद.

नाझनीनने तेव्हा हरकत घेतली होती : "बाळंतिणीसारखं काय गुंडाळून ठेवलंय ते!" हरकत सौंदर्यविषयक असल्याने फेटाळली.

आज पंचनामा केला. पडद्यावर तिने इतक्या खिडक्या उघडल्या होत्या की मी मोजणे सोडून दिले.

"एका वेळी एक काम करावे," मी म्हणालो.

"तुमच्या टेबलावर एका वेळी किती फायली असायच्या?"

"त्या आवाज करीत नसत."

आणि खरोखर, यंत्र आतून धापा टाकीत होते. तिने एकेक करून सर्व खिडक्या बंद केल्या. धापा चालूच राहिल्या. पुरावा नष्ट केला तरी गुन्ह्याचे परिणाम उरतात, हे येथे दिसून येते.


२३ नोव्हेंबर

थंडी पडली. थंडीत दही लागत नाही ही बेगमबीची दरवर्षीची तक्रार. यंदा तिने विरजणाचे पातेले ऑफिसात आणून थेट संगणकाच्या बस्त्यावर ठेवले. ऑफिस म्हणजे स्वयंपाकघर नव्हे, अशी हरकत मी नोंदवली.

"इथं लवकर लागतं," ती म्हणाली.

दुपारी ठेवलेले दही संध्याकाळी ताटात आले ते तोंड वाकडे होईल इतके आंबट. दूधवाल्याने दूध शिळे दिले असणार. उद्या त्याची झाडाझडती घेईन.


२६ नोव्हेंबर

लोह्याहून व्यंकट आला. बांधाच्या दाव्यात तो माझा पक्षकार होता. दावा संपला, येणे संपले नाही. त्याला हकिगत सांगितली.

"वकीलसाब, किडा लागलाय मशीनला. आमच्या सोयाबीनला लागतो तसाच. भाच्याच्या मशीनला बी लागला हुता. फवारणी करा."

"काका, त्याला अँटिव्हायरस म्हणतात," नाझनीन म्हणाली.

"तेच की! कंपनीनं नाव कायबी ठिवू द्या, हाय ती फवारणीच."

फवारणी दिवसभर चालली. व्यंकट निकाल ऐकण्यासाठी थांबला. बूड टेकायला त्याने संगणकाशेजारचा स्टूल निवडला, पाठ बस्त्याला टेकवली आणि दुपारभर तेथून हलला नाही. "इथं लई बेस वाटायलंय बघा. ऊब हाय," असे तो दोनदा म्हणाला आणि तिसऱ्यांदा म्हणताना झोपी गेला. माझ्या ऑफिसात पक्षकारांना पूर्वीपासून ऊब वाटत आली आहे. त्याचे श्रेय वागणुकीला आहे. नाझनीनने त्यातून काही शिकावे.

संध्याकाळी निकाल आला : एकही किडा नाही. व्यंकटला हे फार लागले.

"एकबी न्हाई? येवढी मोठी मशीन अन् एकबी न्हाई?"

यंत्र आरोपातून मुक्त झाले, म्हणजे संशयितांमधून एक नाव कमी झाले. वर्तुळ आवळत चालले आहे.


३० नोव्हेंबर

प्रतिवादीने नवा बचाव मांडला : यंत्राची मेमरी कमी पडते, वाढवावी. मी विचारले की स्मरणशक्ती वाढल्यावर साक्षीदार खरे बोलू लागल्याचे एखादे उदाहरण तिच्या वाचनात आहे काय. ती थेट बाजारात गेली आणि करंगळीएवढी पट्टी घेऊन आली.

बस्त्याच्या गाठी सोडून तिने यंत्राची बाजू उघडली व पट्टी बसवली. झाकण लावताना एक स्क्रू हरवला. तो सापडेपर्यंत झाकण भिंतीला टेकून आणि बस्ता खुर्चीवर, अशा अवस्थेत तिने यंत्र चालवून पाहिले. ते चालले. नुसते चालले नाही, दुपारभर पळत राहिले. नाझनीन खुर्चीत गोल फिरली.

"अब्बा, पाटी करायला टाकू का?"

"मुदत संपलेली नाही," मी म्हणालो.

मला राहवले नाही, कारण यंत्र उघड्यावर होते. टेबलाखाली वाकून स्क्रू शोधून काढला, झाकण लावले, बस्ता चढवून दोन गाठी मारल्या. बेगमबीने वर पातेले ठेवले. दही लागेपर्यंत यंत्र पुन्हा पूर्ववत रखडू लागले. यावरून दिसते की सुधारणा मेमरीमुळे झालीच नव्हती. नव्या वस्तूचा उत्साह काही तास टिकतो, माणसात आणि यंत्रात.

नाझनीन दुकानदाराशी भांडायला गेली. तो म्हणाला, पट्टी नवी कोरी आहे, दोष असेल तर दुकान बंद करीन. मी मनातल्या मनात त्याच्या बाजूने होतो.


३ डिसेंबर

लोह्याच्या अपिलातील पक्षकार पंचशीला आज आली. लोह्यात तिची पिठाची गिरणी आहे. जागेचे मालक अमृतराव यांनी ताब्याचा दावा जिंकला. गिरणी हलवून तेथे त्यांना लॉज बांधायचा आहे. अपिलाची मुदत बारा तारखेला संपते. हे नाझनीनचे पहिले अपील, जे माझे नाव ऐकून नव्हे तर तिचे नाव विचारीत आले. हल्ली आधी संगणकातून पाठवल्याशिवाय कोर्टात कागदाला कोणी हात लावीत नाही, म्हणून सर्व नकला स्कॅन कराव्या लागतात.

पंचशीलाने प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढले, त्यांना पीठ लागले होते. मग तिने माझ्याकडे पाहिले.

"पाटीवरचे वकील तुमीच ना, बाबा?"

"होय."

"मंग ताई काय करतेत?"

"ह्या काम चालवतात."

"आसं कसं? माज्या गिरणीवर सासऱ्याची पाटी लावली तर दळण त्यांनीच दळावं लागंल की. त्यांचं तर गुडघं दुखतेत."

नाझनीन खोकली. तो खोकला नव्हता.


६ डिसेंबर, लातूर

निर्णायक प्रयोग. अपिलाचा मसुदा सध्या कागदावर चालू असल्याने नाझनीनने दोन दिवसांची परवानगी दिली. संगणकाची पेटी बस्त्यासह मांडीवर घेऊन एसटीने लातूर गाठले. कंडक्टरने लाल गाठोड्याकडे आणि माझ्या टोपीकडे पाहिले.

"चाचा, कव्वाली कुठंय?"

"कोर्टात," मी म्हणालो. त्याने तिकीट फाडले.

मुनीबने दुकानात बस्ता सोडला, वायरी जोडल्या, बटण दाबले. मी खुर्चीत बसण्यापूर्वी पडदा उजळला. अर्धा दिवस पाहिले, एकदाही धाप नाही.

"ह्याला काही रोग नाही, अब्बा," मुनीब म्हणाला.

"तू खात्रीने सांगतोस?"

"तुम्हीच बघा की."


७ डिसेंबर, लातूर

आज नात मनतशाने सकाळपासून यंत्रावर मोटारींच्या शर्यतीचा खेळ चालवला. मुनीबच्या मते यंत्रावर याहून मोठा भार घरात दुसरा नाही. यंत्र डगमगले नाही. खेळता खेळता मनतशाने काल सोडलेला बस्ता गाउनसारखा अंगावर घेतला, बाहुलीला जन्मठेप दिली, मांजरीला जामीन नाकारला. तो तिने दिवसभर उतरवला नाही. काळ्याऐवजी लाल गाउन चालत नाही हे तिला मोठेपणी कळेल.

आता युक्तिवाद. नांदेड व लातूर यांत फरक काय? वीज : मुनीबने दाब मोजला, फरक नाही. हवा : थंडी दोन्हीकडे सारखी. पाणी : यंत्र पाणी पीत नाही, आणि लातुरात पाण्याचा विषय पाहुण्याने काढू नये. उरला एकच फरक. नाझनीन नांदेडला असते व लातूरला नसते. जेथे ती, तेथे मंदगती. जेथे ती नाही, तेथे मंदगती नाही. अन्वय झाला, व्यतिरेक झाला. याहून स्वच्छ पुरावा मी उभ्या आयुष्यात कोर्टापुढे ठेवलेला नाही.

मुनीबला हे समजावले. तो म्हणाला, "अब्बा, ती कॉम्प्युटरवर बसते. कॉम्प्युटरच्या आत नाही बसत."

व्यापाऱ्यांना तर्क उशिरा समजतो.


९ डिसेंबर, नांदेड

काल परतलो. मनतशाकडून बस्ता परत घेताना थोडी रडारड झाली. यंत्र जागेवर ठेवून मी स्वतःच्या हाताने बस्ता बांधला, जेणेकरून निष्काळजीपणाचा आरोप येऊ नये. आज सकाळी नाझनीन कामास बसली. पहिला तास बरा गेला, दुसऱ्या तासात धापा सुरू झाल्या आणि जेवणाच्या वेळेस यंत्र पूर्वीइतके मंद झाले होते.

दुपारी मी दोन्ही पक्षांसमोर निष्कर्ष वाचून दाखवला. वाचून झाल्यावर नाझनीन म्हणाली, "लातूरला पळालं?"

"मनतशाच्या मोटारींसह."

तिने पेनाला टोपण लावले. "मग माझंच काही तरी चुकत असेल. मला दिसत नाही, एवढंच. तीन दिवस द्या, अब्बा. पंचशीलाताईचं अपील जाऊ द्या. त्यानंतर कुलूप मीच लावते. रेवणसिद्ध सरांना फोन पण मीच करते."

मी मुदत मंजूर केली. दावा जिंकला.

संध्याकाळी जेवायला बसलो. बेगमबीने न विचारता माझ्या ताटात दह्याचे दोन डाव वाढले. जिंकलेल्या दाव्यानंतर मला पूर्वी छान झोप लागत असे. काल लागली ती प्रवासामुळे. आज लागेल असे वाटत नाही. कारण बहुधा दही.


१० डिसेंबर

दूधवाल्याने शपथ घेतली की दूध पहाटेचे असते. मी त्याला सांगितले की शपथेने दही गोड होत नाही. उद्यापासून दुसरा दूधवाला पाहावा लागेल.

नाझनीन भिंतीवरचे स्वतःचे सनदेचे प्रमाणपत्र उतरवून पुसत होती. परत लावले नाही.


१२ डिसेंबर

आज जे घडले ते घडले त्याच क्रमाने लिहितो. अर्थ शेवटी पाहू.

पंचशीला सकाळीच लोह्याहून आली. मसुदा तयार होता, राहिल्या होत्या खालच्या कोर्टाच्या निकालाच्या व साक्षींच्या नकला. नाझनीन एकेक पान स्कॅनरवर ठेवी आणि पान पडद्यावर उमटेपर्यंत आम्ही तिघे त्या पांढऱ्या चौकोनाकडे पाहत बसू. यंत्राच्या धापा इतक्या वाढल्या की पंचशीला म्हणाली, "हे आजारी हाय का, ताई?"

"होय," नाझनीन म्हणाली. "माझ्यामुळे."

त्या दोन शब्दांनी मला समाधान व्हायला हवे होते. झाले नाही, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.

दुपारी तीननंतर यंत्र जवळजवळ थांबले. बाण सरकेना. सायबरच्या दुकानात जाऊन सगळी पाने पहिल्यापासून स्कॅन करण्याइतका वेळ उरला नव्हता. नाझनीनने टेबलावर दोन्ही तळहात उपडे ठेवले आणि डोळे मिटले. तेवढ्यात पंचशीलाची प्लास्टिकची पिशवी तळातून फाटली, स्कॅन झालेल्या नकला फरशीवर पसरल्या.

"अम्मी, एखादं कापड दे," नाझनीनने हाक मारली. "कागद कोर्टात न्यायचेत."

बेगमबी दारात आली. "कापड कशाला शोधू? हे काय समोर आहे." तिने बस्त्यावरचे पातेले उचलून खिडकीत ठेवले आणि माझ्या दोन गाठींना हात घातला.

"धूळ बसेल!" मी उठलो.

"बसू द्या, अब्बा," नाझनीन डोळे न उघडता म्हणाली. "उद्यापासून तसंही तुमचंच आहे सगळं."

बस्ता निघाला. तो मीच हातात घेतला, कारण कोर्टात नेण्याचा बस्ता कसा बांधावा हे त्या तिघींपैकी कोणालाही येत नव्हते आणि खटला गाजराच्या गड्डीसारखा बांधलेला मला पाहवला नसता. फरशीवर बसून मी पाने सरळ केली, झटकून पीठ काढले, क्रमाने लावली, कापडाची टोके आत घेतली. किती वेळ गेला ठाऊक नाही. दुसरी गाठ मारताना मला जाणवले की खोलीत काही तरी नाहीसे झाले आहे.

धापा थांबल्या होत्या.

"अब्बा," नाझनीन म्हणाली. "हे चाललंय."

पान ठेवले, उमटले. ठेवले, उमटले. पंचशीला टेबलावरची उरलेली पाने हातात देऊ लागली, "हे घ्या ताई, हे घ्या," भाकरी तव्यावर टाकावी त्या वेगाने. शेवटचे पान चढले, अपील गेले, पडद्यावर नंबर आला. नाझनीन उठली ती खुर्ची मागे पाडूनच. उरलेली पानेही आत घातलेला बस्ता मध्ये घेऊन त्या दोघी स्कूटीवरून कोर्टाकडे निघाल्या. पंचशीला मागे वळून ओरडली, "बाबा, गाठ एकदम झ्याक!"

खोलीत मी आणि यंत्र उरलो. दिवाळीनंतर प्रथमच मी त्याला उघडे पाहत होतो. वरच्या पत्र्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

बेगमबी पातेले घेऊन उभी होती.

"आता माझं दही कुठं लावू?" ती म्हणाली.


१३ डिसेंबर

अपील मुदतीत दाखल झाले. ताब्याला स्थगिती मागितली आहे, तारीख लागली.

लाल बस्ता कोर्टातून परत आला. सकाळी सर्वांना खोलीबाहेर काढून मी दार लावले. यंत्रास बस्ता बांधला, कामास लावले. मंद. बस्ता सोडला. वेगवान. एकदा घडले तर योगायोग म्हणता येईल, म्हणून पुन्हा बांधला. मंद. पुन्हा सोडला. या सर्व काळात नाझनीन स्वयंपाकघरात कांदा चिरत होती, हे मी दोनदा दार उघडून पाहून घेतले.

दार उघडल्यावर तिने मला पक्षकाराच्या खुर्चीत बसवले आणि स्वतः समोर उभी राहिली. उलटतपासणी येथे नोंदवणे मला टाळता आले असते. टाळत नाही.

"लातूरला मी नव्हते. बरोबर?"

"बरोबर."

"माझ्याशिवाय तिथं आणखी काय नव्हतं?"

"प्रश्न मोघम आहे."

"बस्ता कुठं होता?"

"मनतशाच्या अंगावर."

"मेमरी बसवली त्या दुपारी बस्ता कुठं होता?"

"खुर्चीवर."

"दिवाळीच्या आधी?"

"अस्तित्वात नव्हता."

"आणि कॉम्प्युटर मंद कधी झाला?"

"साक्षीदार आठवून सांगेल."

"साक्षीदारानं पहिल्याच पानावर लिहिलंय, अब्बा. अठरा नोव्हेंबर. मी वाचलं."

"खासगी वही वाचणे हा स्वतंत्र अपराध आहे."

"त्याचा दावा वेगळा लावा. उत्तर द्या."

"द्या की हो!" आतून बेगमबीचा आवाज आला. "भाजी करपली तुमच्या साक्षीपायी!"

उत्तर दिले.

माझी अपेक्षा होती की ती हसेल. ती टेबलाच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "तीन दिवस मला खरंच वाटलं, अब्बा. माझ्या हातातच काही तरी आहे असं. तुम्ही इतकं नीट शाबित केलं होतंत."




१६ डिसेंबर

पाटी बदलली. पाटी करणाऱ्याने विचारले, खाली "यांची मुलगी" असे घालू का. नाझनीन काही बोलण्यापूर्वी मीच नाही म्हणालो. जुनी पाटी निघाली तेथे भिंतीवर मूळ रंगाचा स्वच्छ चौकोन दिसला. नवी पाटी त्याहून लहान असल्याने चारी बाजूंनी तो थोडा दिसत राहतो. सनदेचे प्रमाणपत्र पुन्हा खिळ्यावर आले आहे. जुनी पाटी बेगमबीने लाल बस्त्यात बांधून कपाटावर ठेवली. गाठी मी मारल्या. पाटीला धूळ लागणार नाही, आणि तिला श्वासही घ्यावा लागत नाही.

दही आता सकाळपर्यंत लागत नाही. दूधवाल्याचा निरोप आला आहे की तो यापुढे या घरात येणार नाही.

अटींप्रमाणे लेखी कबुली देणे बाकी होते. पहिला मसुदा पानभर झाला. त्यात यंत्र बनवणाऱ्यांनी हवेची गरज ठळकपणे लिहिली नसल्याचा मुद्दा होता, बस्त्याविषयी मुनीबने पाळलेल्या मौनाचा होता, आणि माझ्या पद्धतीच्या निर्दोषपणाबद्दल तीन वाक्ये होती. नाझनीनने लाल पेन घेतले आणि जे खोडता येईल ते खोडले. दूधवाल्याविषयीची ओळ मी स्वतः खोडली. त्याची तक्रार त्याने स्वतंत्रपणे आणावी. जे उरले ते असे :

मी, चांदपाशा मोमीन, राहणार नांदेड, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, संगणक मंद का झाला याचा शोध घेताना घरातील सर्वांनी केलेले बदल मी तपासले, आणि मी केलेला बदल तपासला नाही. संशयितांत मी माझे नाव घेतले नव्हते. ही माझी चूक आहे.

सही : चांदपाशा मोमीन

माझ्यासमोर सही केली : अ‍ॅड. नाझनीन मोमीन